कुणाची दोन बोटं?

आमच्या गावाला लागून जी नदी वाहते तिचं नाव घोड. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. घोड्याचा एवढा बडेजाव, पण आमच्या गावात घोडा औषधालाही नव्हता. गाढवं होती, पण ती दर पाच वर्षांनी पॅनल करून उभी राहायची, त्यामुळे त्यांच्यावर बसायची सोय नव्हती. ही उणीव अखेर रंगनाथआप्पांनी भरून काढली. ती कशी, ते सांगण्याआधी आप्पांची बोटं सांगितली पाहिजेत.

आप्पा माझे शेजारी. दोन अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण, म्हणजे त्यांच्या घरातली फोडणी आणि भांडण दोन्ही मला ताजं मिळायचं. नोकरी रांजणगावच्या एका कारखान्यात, क्वालिटीत. तिथं काय बनतं ते त्यांनी कुणाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. विचारलं की म्हणायचे, "आमी बनवत नसतो राजाभाऊ. आमी रिजेक्ट करतो." निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, रिजेक्ट करणं सुटलं नाही. चहा रिजेक्ट, पेपरातली बातमी रिजेक्ट, गावात आलेली नवी सून सुद्धा पहिल्या झटक्यात "होल्डवर".

आणि तपासायचं हत्यार म्हणजे उजव्या हाताची दोन बोटं. बोटं कसली, पोसलेली केळी! आप्पांचा सिद्धांत असा, की जगात जे जे बांधलं जातं त्यात दोन बोटं जागा असली पाहिजे. "आवळलं की मेलं, सोडलं की पळालं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मग ते गाठोडं असो, घड्याळाचा पट्टा असो, नाहीतर दुसऱ्याच्या पायाचं बँडेज असो, दोन बोटं खुपसून बघितल्याशिवाय आप्पांना चैन नसे.

माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, आता शेवटचं "सावधान" व्हायचं, तेवढ्यात मागून आप्पांची केळी माझ्या फेट्यात. "टाईट हाय. रगत अडंल." फेटा सैल झाला. अक्षता पडल्या तेव्हा तो माझ्या डोळ्यांवर आला होता. बायकोला हार मी अंदाजानं घातला. सुदैवानं तीच समोर उभी होती.

एकदा शिरूरच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघायला दंडाला पट्टा गुंडाळला. आप्पांनी त्यात बोटं घालायचा प्रयत्न केला.

"टाईट हाय डॉक्टर."

"आप्पा, तो टाईटच असतो."

"मंग रीडिंग चुकीचं येनार. ह्ये मशीन कॅलिब्रेट कवा केलं व्हतं?"

डॉक्टर सज्जन. त्यांनी आप्पांना गोळी दिली आणि मग स्वतःचं प्रेशर तपासून स्वतःही एक घेतली.

गावानं त्यांचं आडनाव दोनबोटे करून टाकलं. त्यातला मापाचा वाटा अर्धाच. उरलेला अर्धा स्वर्गाचा. आप्पांना स्वर्ग कायम दोन बोटं उरलेला असे.

त्यांना जमिनीवर ओढून आणायचं काम विमलकाकूंचं. काकू दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, त्यामुळे इंजिनाच्या शिट्टीवर आवाज चढवून बोलायची लहानपणापासूनची सवय. कुंपणापलीकडून मला रोज जेवणाच्या वेळी ऐकू येई:

"विमल, भाजी रिजेक्ट."

"मंग पोटाला होल्डची चिठ्ठी चिकटवा आन् बसा."

"अगं, मी सुधारनेसाठी सांगतो."

"सुधारना स्वतःपासनं करा. समद्या जगाला दोन बोटं जागा ठिवता, मला जलमात एक बोट ठिवली न्हाई. म्हायेरला जायचं म्हणलं तरी हे बरूबर. पिशवी मी भरायची, आन् तिची गाठ हे तपासनार!"

यावर पलीकडून फक्त तीच रिजेक्ट भाजी ओरपल्याचा आवाज येई.

घोडी आली ती याच माहेरच्या निमित्तानं. काकूंचा भाचा सचिन, त्याचं लग्न ठरलं. आप्पा दौंडला वरातीची घोडी बघायला गेले. तिथं बबनशेठ म्हणून एक गृहस्थ वरातीला घोडे भाड्यानं देतात. त्यांच्याकडे चांदणी नावाची पांढरी घोडी होती. अर्ध्या दौंडाची लग्नं तिच्या पाठीवरून लागलेली, त्यामुळे दौंडातल्या बऱ्याच नवऱ्यांचा तिच्यावर मनातून राग.

आप्पांनी सवयीनं लगाम तपासला. बोटं शिरेनात. मग त्यांनी घोडीचा ओठ वर केला. तोंडात जे लोखंड घालतात, त्याला कडियाळं म्हणतात. ते साधं नव्हतं, काटेरी होतं. ओठांचे कोपरे फाटून पिकले होते, जिभेला खाच पडली होती, आणि फेस गुलाबी होता. मी तेव्हा बरोबर होतो. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांच्या तोंडून रिजेक्ट हा शब्द आला नाही.

"ह्यात दोन बोटं कुठं हायती, शेठ?"

"आप्पा, दोन बोटं ठिवली तर घोडी नवरदेव घिऊन मनमाडला जाईल. फटाकं असत्यात, डीजे असतो. लोखंडाबिगर ही आवरत न्हाई."

"लोखंडाबिगर चालवून दाखवतो."

बबनशेठ एवढ्या जोरात हसले की शेजारचा घोडा फुरफुरला. "घिऊन जा! भाच्याच्या वरातीत चालली लोखंडाबिगर, तर तुमची, ऱ्हाऊ द्या दारात बांधून. न्हाई चालली, तर आनून हितं सोडा. ह्येच कडियाळं आन् हीच घोडी."

अशी बोली झाली. पिकअपच्या हौद्यात चांदणी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी स्वर्गापासून दोन बोटांवर आप्पा, अशी ती मिरवणूक केडगाव-न्हावऱ्यावरून गावात शिरली.

काकू दारात. "ही कोन?"

"चांदनी."

"ते दिसतंय. ऱ्हानार कुठं?"

आप्पांनी सगळी बोली सांगितली. काकूंचा आवाज शिट्टीच्या वर गेला. "माझ्या भाच्याच्या वरातीत परयोग?"

"परयोग न्हाई. ट्रायल."

"आन् पोरगं पडलं म्हंजी?"

"रिपोर्ट लिहू."

"माझ्या म्हायेरचं नाक कापलं ना, तर घोडीसंगट तुमाला बी बबनशेठच्या दावनीला बांधून यील. ती सुटंल, तुमी सुटनार न्हाई."

आप्पांनी मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघितले. तिकडे म्हणे बिनलोखंडी लगाम निघालाय. तोंडात काही नाही, सगळा कारभार नाकावर आणि गालावर. आप्पा शिरूरला शाळेची दप्तरं शिवणाऱ्याकडे गेले आणि नायलॉनच्या पट्ट्यांचा तसा लगाम शिवून आणला. नाकपट्टीला आतून अस्तर मखमलीचं. मखमल काकूंच्या जुन्या पर्सची. काकूंना ती पर्स जुनी आहे हे तोपर्यंत माहीत नव्हतं.

मग तो लगाम बसवायचा सोहळा. अर्धं गाव कुंपणावर. आप्पा एकेका पट्ट्याला हात लावून सांगत होते, जसं काही घोडा हा प्राणीच त्यांनी डिझाइन केला होता. "ही नाकपट्टी. नाकाचं हाड जितं संपतं आन् मऊ लागतं, त्याच्या वर बसली पायजे. खाली घसरली की शास कोंडतो. ह्ये दोन पट्टं हनुवटीखाली एकमेकाला वलांडून जात्यात. म्हंजी डावा लगाम वढला की उजव्या गालावर दाब. घोडी दाबापासनं लांब जाती, म्हंजी आपसूक डावीकडं! आन् नाकपट्टीत जागा किती?"

"दोन बोटं!" गावानं कोरस दिला.

आप्पांनी दोन बोटं घातली, बक्कल लावलं आणि विजयी मुद्रेनं वळले. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या काकूंनी मान वर न करता विचारलं, "कुणाची?"

"काय कुणाची?"

"बोटं."

"स्टँडर्ड!" आप्पा म्हणाले. जगातल्या सगळ्या पुरुषांना आपली बोटं स्टँडर्ड वाटतात. काकूंनी एक खडा बाजूला टाकला.

त्यानंतर पंधरवडाभर आप्पांनी गावाला हैराण केलं. लगाम खिशात. भेटेल त्याला प्रात्यक्षिक. चहाच्या टपरीवर सरपंच सापडले. आप्पांनी बोलता बोलता लगाम त्यांच्या तोंडावर चढवला, बक्कल लावलं, डावा पट्टा ओढला. सरपंच डावीकडे वळले. उजवा ओढला, उजवीकडे वळले. टपरी आनंदानं वेडी झाली. पाणीयोजनेसाठी इतकी वर्षं अर्ज देऊन जो माणूस इंचभर हलला नव्हता, तो असा गरागरा फिरत होता!

"नाक दाबलं की तोंड उघडतं," एक म्हातारा म्हणाला. "आप्पा, जरा दाबा की. योजनेचं काय झालं ते इचारून घिऊ."

सरपंचांनी मात्र तेवढ्यात पट्टा काढला. घोडीपेक्षा ते हुशार निघाले.

चांदणीचे ओठ या दिवसांत भरून आले. सुरुवातीला तोंडाजवळ हात नेला की दात घट्ट मिटून डोळे पांढरे करायची. आता ती काकूंच्या सुपातले तांदूळ पळवायची. काकू सुपानं हाणायच्या. मग थोडे तांदूळ सूप उलटून ठेवताना चुकून खाली सांडायचे, रोज, त्याच जागी. मी कुंपणावरून बघत होतो. बोललो असतो, तर सूप माझ्या पाठीत बसलं असतं.

लग्नाचा दिवस उजाडला. दौंडात ऊन उतरणीला लागलेलं. डीजेच्या भिंती उभ्या. काकू माहेरच्या बायकांत शालू नेसून मिरवत होत्या, पण नजर घोडीवर. बबनशेठ पानाच्या टपरीशी उभे, हातात पिशवी. पिशवी हलली की आतलं लोखंड वाजत होतं. सचिन घोडीवर बसला. आप्पांनी नाकपट्टीत दोन बोटं घालून बघितली. मग जाता जाता सचिनच्या फेट्यातही घातली.

"टाईट हाय," म्हणाले आणि फेटा सैल केला.

डीजे सुरू झाला. अंगणात मुकाट उभी राहणारी चांदणी वाजंत्रीवर वाढलेली. पहिला ठोका पडला तशी ती मान हलवून नाचायला लागली, काय नाचली! लोकांनी मोबाइल वर केले. आप्पा पुढे चालत दोन्ही हात पसरून मानवंदना घेत होते. आणि मागे मान हलता हलता ती ऐसपैस नाकपट्टी घसरत घसरत मऊ नाकावर आली. श्वास कोंडला. चांदणीनं डोकं झटकलं, तसा अख्खा लगाम फिरला आणि गालावरचा पट्टा तिच्या डोळ्यावर.

एका डोळ्यानं तिनं रस्ता बघितला. रस्ता ओळखीचा होता. ती निघाली.

"मामा! ब्रेक कुठाय?" सचिन ओरडला.

"डावा वढ! डावा!" आप्पा मागून धावत.

सचिननं डावा ओढला. पट्टे फिरून गेले होते, त्यामुळे डावा ओढला काय नि उजवा ओढला काय, घोडीला तो पुढे चालण्याचा आग्रहच वाटत होता. आणि सचिनचा सैल फेटा त्याच्या डोळ्यांवर आला. आता दोघांत मिळून उघडा डोळा एकच, तोही घोडीचा.

चांदणी पळाली नाही हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. ती आपली ठरलेल्या ठिकाणी निघाली होती. बबनशेठच्या बहुतेक वराती ज्या मंगल कार्यालयात जात, त्या कार्यालयाच्या दारात ती सरावानं जाऊन थांबली. आमचं लग्न तिथं नव्हतं. तिथं दुसरंच होतं, आणि तिथल्या बायका ताटं घेऊन नवरदेवाची वाट बघत उभ्या होत्या.

त्यांनी ओवाळलं. सचिनला दिसत नव्हतं, त्यानं ओवाळून घेतलं. कुणीतरी तोंडात पेढा घातला, तो त्यानं खाल्ला. एक आजीबाई कौतुकानं म्हणाल्या, "फोटूपरीस उंच हाय की पोरगं!" मुलीच्या मामांनी नारळ देऊन फेटा नीट करायला हात वर नेला, खालचा चेहरा बघितला आणि विचारलं, "आपन कोन?"

त्याच वेळी रस्त्याच्या टोकाला त्यांचा खरा नवरदेव बँडसकट दिसू लागला.

पुढचं भांडण सांगत नाही. त्यातल्या शिव्या छापण्यासारख्या नाहीत आणि न छापता त्यांची लज्जत जाते. सगळे निस्तरून बाजूला झाले तोवर बबनशेठ येऊन पोचले होते. त्यांनी पिशवीतून कडियाळं काढलं.

"बोली म्हंजी बोली, आप्पा. द्या हिकडं."

तो खणखणाट ऐकला आणि चांदणीनं दात मिटले. मान उंच केली, आणि मांड्यांपासून थरथरायला लागली. वर सचिन बसलेला, तोही थरथरायला लागला. आप्पांनी बोलायला तोंड उघडलं. स्टँडर्ड, ट्रायल, रिपोर्ट, सगळे शब्द तिथवर आले असतील. त्यांनी नुसता घोडीच्या नाकावर हात ठेवला. नुकतेच भरलेले ते ओठ तिनं त्यांच्या तळहाताखाली घट्ट आवळून धरले होते.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि त्यातून शालू उतरला.

काकू सरळ घोडीपाशी गेल्या, फिरलेला लगाम सरळ केला, नाकपट्टी वर हाडावर आणली आणि तिच्यात आपली बोटं घातली.

"एक. दोन. तीन. आन् अंगठा बी जातूय. ह्ये तुमचं स्टँडर्ड!"

"विमल, नियमानं दोन बोटं—"

"कुणाची?"

आप्पांनी आपल्या हाताकडे बघितलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघितलं.

काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि पट्टा दातात धरून त्याला नवीन भोक पाडलं. शालूवर, भर रस्त्यात. बक्कल लावलं. दोन बोटं घातली, बरोबर बसली, तिसरं शिरेना.

"वैनी," बबनशेठ म्हणाले, "आता काय उपेग? बोली झालीया."

"कशाची बोली?"

"वरातीत चालली तर तुमची."

"मंग वरात संपली कुठं? नवरदेव आमच्या कार्यालयात पोचंल तवा संपंल. का पेढा खाल्ला की संपती?" आणि वर बघून म्हणाल्या, "सच्या, हलू नको. तोंड पूस."

काकूंनी लगाम धरला आणि निघाल्या. भर दौंडातून. डीजे पुन्हा दणाणला, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. चांदणी एकदा बिचकली, डोकं वर केलं. पट्टी जागची हलली नाही. काकूंनी लगाम अलगद धरला आणि सैल सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. तोंडानं चालूच होतं: "चल बाई. तुला काय, मला काय, बांधनारं एकच भेटलंय." घोडीनं मान खाली घातली आणि सासरी निघालेल्या मुलीसारखी कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहिली. बबनशेठनी पिशवी बंद केली.

या सगळ्यात आप्पा मागून चालत होते. गप्प. दौंडच्या इतिहासात याची नोंद व्हायला हरकत नव्हती.

गप्प राहण्याची ही साथ परतीच्या वाटेवर केडगावपर्यंत टिकली. गावात उतरेपर्यंत गोष्ट तयार होती: "डिझाईन शंभर टक्के ओके. फक्त गेज बदललं."

गेज म्हणजे कारखान्यातलं मापाचं साधन, आणि हे नवं गेज म्हणजे काकू. तेव्हापासून रोज सकाळी कुंपणापलीकडून हाक यायची, "विमल, गेज!" काकू भाकरी थापता थापता उठून यायच्या, नाकपट्टीत दोन बोटं घालायच्या, "झालं समाधान?" म्हणून परत जायच्या. चांदणीच्या पांढऱ्या नाकावर ज्वारीच्या पिठाचे दोन ठसे उमटलेले असत. काकू आता माहेरी एकट्या जायला लागल्या. तेवढे दिवस घोडी बांधलेली असे. कुणी विचारलं की आप्पा अभिमानानं सांगत, "गेज म्हायेरी गेलंय."

मात्र भाजी रिजेक्ट होत राहिली. एवढ्यात सुधारणारा माणूस तो नव्हे.

गेल्या थंडीत एका सकाळी हाक आली नाही. घोडीला खरारा करता करता आप्पा गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले होते, ते बसलेलेच राहिले. डॉक्टरांचं मशीन बरोबर होतं.

अंगणात तिरडी बांधायला घेतली. बांबू, कडबा, सुतळी. बांधणारे जाणते, वर सूचना देणारे त्याहून जाणते. "आवळ, आवळ. मसनवाट्याचा रस्ता खराब हाय, हिसकं बसत्यात." सरपंच स्वतः सुतळी ओढत होते. रस्ता त्यांच्याच काळातला.

काकू घरातून बाहेर आल्या. बायका धरायला पुढे झाल्या, त्यांना हातानं थांबवलं. तिरडीपाशी बसल्या आणि छातीवरच्या सुतळीखाली बोटं घालायला गेल्या. शिरेनात.

"सैल करा."

"काकू," सरपंच हळूच म्हणाले, "खड्डं हायती. सरकत्याल."

"जलमभर ह्यांना सर्ग दोन बोटं उरला व्हता. तेवढी तरी जागा ठिवा."

कुणाला हसू फुटलं, कुणाला रडू. बऱ्याच जणांना दोन्ही. सरपंचांनी गाठ सोडून सैल बांधली. काकूंनी सुतळीखाली दोन बोटं घातली. बोटांना पीठ नव्हतं. बरोबर बसली, तिसरं गेलं नसतं.

त्यांनी ती काढली नाहीत. मापाला एवढा वेळ लागत नाही, हे आमच्या गावात आता सगळ्यांना माहीत आहे. तरी कुणी घाई केली नाही.